ऑटोकॅडची सेटिंग्ज: ताकद अफाट, पण कुठली सेटिंग कुठे जाऊन बसते ते तुम्हीच शोधा

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं म्हटलं की लोक रिबन चांगली का टूलबार चांगले, थ्रीडी किती येतं, सबस्क्रिप्शन परवडतं का यावरच भांडत बसतात, पण दिवसभर त्यात रेघा मारणाऱ्या माणसाला खरा फरक पडतो तो सेटिंग्जचा. म्हणून हा रिव्ह्यू फक्त तेवढ्याच भागाचा, म्हणजे ऑप्शन्स नावाची ती भली मोठी खिडकी आणि तिच्या अवतीभवती पसरलेला सगळा कारभार. विंडोज डेस्कटॉपवरचं पूर्ण ऑटोकॅड धरून बोलतोय, मॅकवाल्यांचं गणित वेगळं.

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार तारे. ड्रॉइंग करायच्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी बारीकसारीक गोष्ट आपल्या हाताला वळवून घेता येत असेल असं मला वाटत नाही, एक तारा कापलाय तो या कारणासाठी की आपण बदललेली गोष्ट नेमकी कुठे साठली हे हा प्राणी सरळ सांगत नाही. बाकी सगळ्या तक्रारी घासाघीस केल्या की शेवटी याच एका तक्रारीवर येतात. "काल तर चालत होतं", "माझ्या मशीनवर बरोबर दिसतंय", "क्लायंटची फाइल उघडली की माझं सगळं बिघडतं", ही जी वाक्यं प्रत्येक ड्रॉइंग ऑफिसात ऐकू येतात ना, त्यातली बरीचशी इथूनच निघतात.

तर मुद्दा असा आहे. ऑटोकॅडच्या सेटिंग्ज ढोबळमानाने चार ठिकाणी राहतात. काही विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज सगळ्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा), तुमच्या युजरखाली आणि तुमच्या प्रोफाइलखाली (नाव देऊन ठेवलेला सेटिंग्जचा संच). काही खुद्द ड्रॉइंगच्या फाइलीत. काही वेगळ्या सुट्ट्या फाइलींमध्ये, म्हणजे शॉर्टकटची पीजीपी, मेनूची सीयूआयएक्स, प्लॉट स्टाइलच्या, म्हणजे प्रिंटमध्ये रेघा कशा याव्यात ते ठरवणाऱ्या सीटीबी, टेम्प्लेटच्या डीडब्ल्यूटी वगैरे. आणि काही कुठेच नाही, प्रोग्राम बंद केला की गेल्या. आता गंमत बघा, खाली स्टेटस बारवर ऑर्थो (रेघ फक्त आडवी-उभी ठेवणारं) आणि ओस्नॅप (वस्तूचं टोक, मध्य असे नेमके पॉइंट पकडणारं) ही दोन बटणं एकाच पट्टीत बसलेली असतात, दिसायला सारखी, दाबायला सारखी. पण ऑर्थो चालू की बंद हे ड्रॉइंगमध्ये साठतं आणि ओस्नॅपचे कुठले पॉइंट पकडायचे ते रजिस्ट्रीत. म्हणजे तुम्ही ऑर्थो चालू ठेवून फाइल सेव्ह केली आणि दुसऱ्याला पाठवली तर त्याच्याकडे ती ऑर्थो चालू घेऊनच उघडणार, पण तुमचे ओस्नॅप त्याच्याकडे जाणार नाहीत, त्याचे त्याचेच राहणार. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारींचं उत्तर आपोआप मिळतं. मिरर केल्यावर अक्षरं उलटी होणं न होणं ठरवणारं मिररटेक्स्ट? ड्रॉइंगमध्ये. लाइनटाइप स्केल, म्हणजे तुटक रेघांचं माप? ड्रॉइंगमध्ये. पिकबॉक्सचा (वस्तू निवडायच्या कर्सरवरच्या चौकटीचा) आकार, क्रॉसहेअरची (कर्सरच्या आडव्या-उभ्या रेघांची) लांबी? रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनवर तुमच्यासोबत.

ऑप्शन्सच्या खिडकीत याची खूण आहे, नाही असं नाही. जी सेटिंग ड्रॉइंगमध्ये साठते तिच्या शेजारी डीडब्ल्यूजीचं, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलीचं एक इवलंसं चिन्ह असतं. डिस्प्ले टॅबवर आर्क आणि सर्कलच्या गुळगुळीतपणाच्या आकड्यापुढे बघा, दिसेल. पण ते इतकं बारीक आहे की वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लोकांनाही मी विचारलंय, कित्येकांना ती नुसती सजावट वाटत होती. खिडकीच्या वरच्या बाजूला सध्याचं प्रोफाइल कुठलं आणि सध्याचं ड्रॉइंग कुठलं हेही लिहिलेलं असतं, त्याकडे तर कुणीच बघत नाही.

आता खिडकीबद्दल. कमांड लाइनवर ओपी टाइप करून एंटर मारला की उघडते. फाइल्स, डिस्प्ले, ओपन अँड सेव्ह, प्लॉट अँड पब्लिश, सिस्टिम, युजर प्रेफरन्सेस, ड्राफ्टिंग, थ्रीडी मॉडेलिंग, सिलेक्शन, प्रोफाइल्स, अशी टॅबची रांग. जुन्या घराच्या माळ्यासारखी अवस्था आहे, प्रत्येक आवृत्तीत काहीतरी नवीन वर टाकलंय आणि जुनं कुणी खाली उतरवलेलं नाही. मी वापरलेल्या आवृत्त्यांमध्ये या खिडकीत शोधायला जागा नाही, म्हणजे तुम्हाला "ऑटोसेव्ह कुठंय" एवढंच हवं असलं तरी टॅबमागून टॅब उघडत बसायचं. त्यापेक्षा व्हेरिएबलचं, म्हणजे त्या सेटिंगचं ऑटोकॅडच्या आतलं नाव माहीत असेल तर कमांड लाइनवर थेट टाइप करणं बरं, दोन-तीन अक्षरं टाकली की खाली यादी येते.

पहिला फाइल्स टॅब सगळ्यात कंटाळवाणा दिसतो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. त्यातला सपोर्ट फाइल सर्च पाथ म्हणजे ऑटोकॅड फॉन्ट, हॅच (आकृतीत भरायची नक्षी), लाइनटाइप, लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) वगैरे कुठे कुठे शोधेल त्याची यादी, आणि ती वरून खाली या क्रमाने वाचली जाते, पहिल्यांदा जिथे सापडलं ते उचललं, पुढचं बघितलंच नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरमध्ये असतील तर कुठला फोल्डर वर आहे त्यावर सगळं ठरतं. ऑफिसचा सर्व्हरवरचा कॉमन फोल्डर इथे टाकायचा असेल तर जरूर टाका, पण बंद झालेल्या सर्व्हरचे, कधीकाळच्या ड्राइव्हचे मेलेले पाथ तिथून काढून टाका, कारण नसलेल्या नेटवर्क पाथवर ऑटोकॅड वाट बघत बसतं आणि मग "सॉफ्टवेअर स्लो झालंय, मशीन बदला" अशी ओरड सुरू होते. मशीनचा काही दोष नसतो हो.

त्याच टॅबवर ट्रस्टेड लोकेशन्स आहेत. बऱ्याच जणांना लिस्प लोड करताना येणाऱ्या त्या सिक्युरिटीच्या सूचनेचा वैताग येतो आणि मग कुणीतरी सल्ला देतं की सिक्युअरलोड हे व्हेरिएबल शून्य करून टाक. करू नका. मूळ किंमत एक असते, म्हणजे भरवशाच्या फोल्डरबाहेरून काही लोड व्हायला लागलं तर विचारतं, दोन केली तर बाहेरचं अजिबात घेत नाही, शून्य केली की कुणीही या. 2012 साली एकॅड-मेड्रे नावाचा वर्म सापडला होता, तो चक्क ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता आणि लोकांची ड्रॉइंग्ज ईमेलने परस्पर बाहेर पाठवत होता, सगळ्यात जास्त मशीन पेरू देशातली सापडली. ड्रॉइंगसोबत आलेल्या फोल्डरमध्ये एखादी लिस्प गुपचूप पडलेली असते आणि ड्रॉइंग उघडलं की ती पण चालते, हा मार्ग होता. म्हणून सूचना बंद करायची नाही, तर तुमच्या लिस्पचा फोल्डर ट्रस्टेडमध्ये घालायचा, शेवटी तिरपी रेघ आणि तीन टिंबं दिली की आतले उपफोल्डरही त्यात येतात. एवढं केलं की वैतागही संपतो आणि दारही बंद राहतं. हे इतकं नीट केलेलं आहे की इथे मी पूर्ण मार्क देतो.

ओपन अँड सेव्ह टॅब. ऑटोमॅटिक सेव्ह दर दहा मिनिटांनी असं मुळात असतं, सेव्हटाइम नावाचं व्हेरिएबल. पाचवर आणा, आजकालच्या डिस्कला काही जड जात नाही, फारच अवजड फाइल असेल तर दहाच ठेवा. पण मिनिटांपेक्षा महत्त्वाचं हे की ती फाइल जाते कुठे. मुळात ती जाते तुमच्या युजरच्या टेम्प फोल्डरमध्ये, एसव्ही-डॉलर अशा एक्स्टेंशनने. आणि टेम्प फोल्डर म्हणजे साफसफाई करणाऱ्या प्रत्येक टूलचं पहिलं गिऱ्हाईक, खुद्द विंडोजचं स्टोरेज सेन्ससुद्धा तिथेच हात घालतं. मशीन अचानक बंद पडलं, दुसऱ्या दिवशी शोधायला गेलात तर सफाई होऊन गेलेली. म्हणून फाइल्स टॅबवरची ऑटोमॅटिक सेव्ह फाइल लोकेशन ही जागा बदलून स्वतःच्या डिस्कवर एक वेगळा फोल्डर द्या. नेटवर्कवर देऊ नका, उगाच अडखळत चालेल. आणि हे लक्षात असू द्या की ऑटोकॅड नीट बंद झालं की ही फाइल ते स्वतःच पुसून टाकतं, ती फक्त अपघातासाठी आहे, "काल संध्याकाळी चुकून सेव्ह न करता बंद केलं" याच्यासाठी नाही. आधीचं सेव्ह हवं असेल तर त्यासाठी बॅक फाइल (सेव्ह करताना ठेवली जाणारी आधीची प्रत), तिची टिक काढू नका, फोल्डर घाण दिसतो म्हणून टिक काढणारे लोक मला माहीत आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. बॅक असो नाहीतर एसव्ही-डॉलर, एक्स्टेंशन बदलून डीडब्ल्यूजी केलं की उघडते.

सेव्ह अॅज फॉरमॅट पण इथेच. 2018 च्या आवृत्तीसोबत आलेला डीडब्ल्यूजी फॉरमॅट पुढे कित्येक आवृत्त्यांमध्ये तोच चालू राहिला, त्यामुळे आता पूर्वीइतकी बोंब नाही, पण तुमच्या समोरचा माणूस जुन्या आवृत्तीवर अडून बसलेला असेल तर दर वेळी सेव्ह अॅज करत बसण्यापेक्षा इथेच 2013 किंवा 2010 निवडून ठेवा. एक्स-रेफची (ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगची) डिमांड लोडिंग, म्हणजे लागेल तेवढाच भाग वाचणं, हेही याच टॅबवर, ती एनेबल्ड विथ कॉपी वर असू द्या. नुसतं एनेबल्ड केलंत तर तुम्ही जोडलेली फाइल तुमच्याकडे उघडी असेपर्यंत दुसऱ्याला तिच्यात बदल करता येत नाही, आणि मग ऑफिसभर कुणी फाइल धरून ठेवलीय याचा शोध सुरू होतो.

आता युनिट्स. यावर जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात आणि इथेच ऑटोकॅडचा तो "चार ठिकाणी" वाला स्वभाव सगळ्यात नडतो. युनिट्स कमांडमध्ये जे इन्सर्शन स्केल निवडता ते इन्सयुनिट्स या व्हेरिएबलमध्ये जातं, एक म्हणजे इंच, चार म्हणजे मिलिमीटर, आणि ते ड्रॉइंगमध्ये साठतं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये चार आणि ब्लॉकच्या (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृतीच्या) फाइलीत एक असेल तर ब्लॉक आत येताना 25.4 पट मोठा होऊन येणार, गुपचूप, न विचारता, आणि हे बरोबरच आहे. पण ब्लॉकच्या फाइलीत शून्य असेल, म्हणजे युनिट सांगितलेलंच नसेल, तर मग ऑप्शन्समधल्या युजर प्रेफरन्सेस टॅबवर जे सोर्स आणि टार्गेट युनिट लिहिलंय ते वापरलं जातं, आणि ते रजिस्ट्रीत आहे. म्हणजे तोच ब्लॉक, तेच ड्रॉइंग, दोन मशीनवर दोन वेगळ्या साइझला येऊ शकतो! कपाळाला हात लावायची वेळ. उपाय एकच, लायब्ररीतल्या एकाही ब्लॉकला शून्य युनिटवर राहू द्यायचं नाही.

आणि हे इथेच थांबत नाही. मेजरमेंट नावाचं आणखी एक व्हेरिएबल आहे, तेही ड्रॉइंगमध्ये, ते ठरवतं की हॅच आणि लाइनटाइप इंचवाल्या फाइलींतून उचलायचे की आयएसओवाल्या. डॅश लाइन सरळ रेघेसारखी दिसते, हॅच काळाकुट्ट होतो किंवा अजिबात दिसत नाही, लोक लाइनटाइप स्केलशी झटापट करत बसतात, आणि मूळ कारण असतं की फाइल सुरूच इंचाच्या टेम्प्लेटवरून केली होती. एकॅड डॉट डीडब्ल्यूटी हे इंचाचं, एकॅड-आयएसओ हे मिलिमीटरचं. म्हणून सेटिंग्ज लावायला बसलात तर माझ्या मते पहिलं काम ऑप्शन्समध्ये नाहीच, पहिलं काम म्हणजे स्वतःचं टेम्प्लेट बनवा. युनिट्स, मेजरमेंट, लेयर, डायमेन्शन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल, लाइनटाइप स्केल, लेआउटची पेज सेटअप, जे जे ड्रॉइंगमध्ये साठतं ते सगळं तिथे. मग फाइल्स टॅबवर क्यू-न्यूच्या टेम्प्लेटचं नाव तिथे द्या, मुळात ती जागा रिकामी असते, दिलं की न्यू दाबताच विचारपूस न करता तुमचं टेम्प्लेट उघडतं. ड्रॉइंगमधल्या सेटिंग्ज टेम्प्लेटने सांभाळायच्या, मशीनवरच्या प्रोफाइलने, एवढी विभागणी केली की निम्मं काम झालं.

रोजच्या हाताच्या गोष्टी मात्र अप्रतिम आहेत, इथे ऑटोकॅडला तोड नाही. युजर प्रेफरन्सेसमध्ये राइट क्लिक कस्टमायझेशन बघा. टाइम सेन्सिटिव्ह राइट क्लिक चालू केलं की झटकन क्लिक म्हणजे एंटर आणि जरा दाबून धरलं की मेनू, मधली सीमा 250 मिलिसेकंद, ती पण बदलता येते. हे एकदा हाताला बसलं की दुसऱ्याच्या मशीनवर काम करणं नको वाटतं, हा त्याचा तोटाच म्हणायचा. सिलेक्शन टॅबवर लॅसो आहे, 2015 पासून आला, माउस दाबून ओढलं की चौकोनाऐवजी वेडावाकडा घेर पडतो. ज्यांना आवडतो त्यांना आवडतो, ज्यांचा हात जुना आहे त्यांनी तिथली टिक काढावी आणि शांतपणे जगावं. पिकबॉक्स मुळात तीन असतो, मोठ्या रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर तो मुंगीएवढा दिसतो, पाच-सहा करा. पिकफर्स्ट आणि पिकॲड या दोन्हीच्या टिका काय करतात ते माहीत असू द्या, कारण कधीतरी एखादी लिस्प अर्ध्यात तुटते आणि त्या बदललेल्या राहतात, मग आधी वस्तू निवडून डिलीट दाबलं तर काहीच होत नाही, किंवा दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते. शिफ्ट धरून निवडायला लागतंय म्हणजे पिकॲड बिघडलं, एवढं ओळखा.

रंगाबद्दल थोडंच. मॉडेल स्पेसचा, म्हणजे जिथे ड्रॉइंग काढतो त्या पडद्याचा तो करडा-काळा मूळ रंग मला आवडत नाही, मी पूर्ण काळा करतो, कुणाला पांढरा लागतो, ज्याची त्याची आवड. क्रॉसहेअर पाच टक्के असतो, शंभर केला की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, इलेव्हेशन जुळवताना फार उपयोगी. आर्क गुळगुळीत दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, तो फक्त पडद्यावरचा मामला आहे, प्रिंट गुळगुळीतच येते.

ग्राफिक्ससाठी सिस्टिम टॅबवरचं ग्राफिक्स परफॉर्मन्स बटण, किंवा थेट ग्राफिक्सकॉन्फिग कमांड. हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू ठेवा, रेघा थरथरतात, कर्सर मागे राहतो, निवडलेली वस्तू दिसत नाही असं काही झालं तर ते बंद करून बघा, बंद केल्यावर बरं वाटलं तर दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त, कार्डवाल्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. आणि प्रोग्राम उघडतच नसेल तर शॉर्टकटच्या शेवटी नोहार्डवेअर हा स्विच लावून उघडता येतो. बाकी या भागात फार रमू नका.

फाइलडिया नावाच्या व्हेरिएबलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ओपन दाबलं, खिडकी येण्याऐवजी खाली कमांड लाइनवर फाइलीचं नाव विचारलं जातंय. नवीन माणूस घाबरून रीइन्स्टॉल करायला निघतो. एखाद्या स्क्रिप्टने फाइलडिया शून्य केलेलं असतं आणि परत एक न करताच ती मध्येच बंद पडलेली असते, ते रजिस्ट्रीत असल्यामुळे मशीन बंद करून चालू केलं तरी जात नाही. फाइलडिया टाइप करून एक द्या, झालं. घाईत असाल तर नावाच्या जागी नुसतं टिल्डाचं चिन्ह दिलं तरी त्या वेळेपुरती खिडकी उघडते. असल्या चोरून बदलणाऱ्या व्हेरिएबलसाठी 2016 पासून सिस्टिम व्हेरिएबल मॉनिटर आलाय, तुम्ही यादी देऊन ठेवायची, त्यातलं काही बदललं की खाली सूचना येते आणि एका बटणात सगळं पूर्ववत. फारच उत्तम चीज, आणि नेहमीप्रमाणे ऑप्शन्सच्या खिडकीत तिचा पत्ता नाही, सिस्वारमॉनिटर अशी वेगळी कमांड आहे.

प्रोफाइल आणि वर्कस्पेस या दोन गोष्टींची गल्लत करू नका. वर्कस्पेस म्हणजे रिबन, टूलबार, पॅलेट कुठे बसलेत एवढंच. प्रोफाइल म्हणजे ऑप्शन्समधलं रजिस्ट्रीवालं बरंचसं सगळं, पाथसकट. (जुना क्लासिक वर्कस्पेस 2015 ला काढून टाकला, तेव्हा लोकांनी जो गहजब केला होता तो आठवत असेल. टूलबार चालू करून तो हाताने परत उभा करता येतो आणि सेव्ह करता येतो, त्यात काही जादू नाही.) प्रोफाइल सगळं लावून झालं की एआरजी फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटवर पी स्विच देऊन त्या प्रोफाइलचं नाव लावा. मग एकाच मशीनवर दोन आयकॉन ठेवता येतात, एक मेकॅनिकलच्या कामाला, एक आर्किटेक्चरच्या, प्रत्येकाचे पाथ वेगळे, टेम्प्लेट वेगळं. ऑफिसमध्ये चार माणसं एका मशीनवर पाळीपाळीने बसत असतील तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

कमांडचे शॉर्टकट एकॅड डॉट पीजीपी या साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. अक्षर, स्वल्पविराम, तारका, कमांडचं नाव. तुमच्या ओळी फाइलीच्या अगदी तळाशी टाका, कारण एकच अक्षर दोनदा आलं तर शेवटचं चालतं, आणि वरचं मूळ जसंच्या तसं राहिल्यामुळे पुढे नवीन आवृत्तीत फक्त तळाचा तुकडा उचलून नेता येतो. सेव्ह केल्यावर रीइनिट कमांड द्या, ऑटोकॅड बंद करायची गरज नाही. लिस्पचं पण तसंच, दर ड्रॉइंगसोबत लोड व्हायला हवी असेल तर एकॅडडॉक डॉट लिस्प, नुसत्या एकॅड डॉट लिस्पमध्ये घातली तर मूळ सेटिंगप्रमाणे ती पहिल्याच ड्रॉइंगला लोड होते आणि दुसरी फाइल उघडली की "कमांड सापडत नाही".

डॉसच्या काळात, रिलीज बाराच्या सुमाराला, हे सगळं एका बॅच फाइलीत दोन-चार सेट ओळींनी, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने व्हायचं, एकॅड बरोबर अमुक पाथ, एकॅडसीएफजी बरोबर तमुक, एकॅडडीआरव्ही बरोबर ड्रायव्हरचा फोल्डर. आताच्या मानाने फारच तोकडं, मान्य, पण निदान फाइल उघडली की सगळं डोळ्यापुढे. आजही विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलशी तुमचा संबंध येतो तो नेटवर्क लायसन्सपुरता, एडीएसके-फ्लेक्स-लायसन्स-फाइल या नावाने, त्यात पोर्ट, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव. लायसन्स सापडत नाही म्हणून बोंबलणाऱ्या मशीनवर आधी तिथे जुन्या सर्व्हरचं नाव तर राहिलं नाहीये ना ते बघा.

सॉलिडवर्क्स हे दुसरं डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणारे इथे हसतील, कारण त्यांच्या ऑप्शन्समध्ये वरतीच दोन सरळ भाग आहेत, सिस्टिम ऑप्शन्स आणि डॉक्युमेंट प्रॉपर्टीज, मशीनचं एकीकडे, फाइलीचं दुसरीकडे, वर शोधायला जागा पण आहे, आणि कॉपी सेटिंग्ज विझर्डने सगळं एका फाइलीत घालून दुसऱ्या मशीनवर नेता येतं. फ्रीकॅडमध्ये तर यूजर डॉट सीएफजी नावाची एक फाइल आहे, उघडून वाचता येते, कॉपी करता येते. ऑटोकॅडला 1982 पासूनचं ओझं आहे हे कबूल, जुनी लिस्प, जुनी स्क्रिप्ट चालली पाहिजे म्हणून ते व्हेरिएबलची नावं आणि जागा हलवू शकत नाहीत, ते मला पटतं. पण ते डीडब्ल्यूजीचं चिन्ह जरा मोठं करायला काय हरकत आहे.

नवीन शिकणाऱ्याने या सगळ्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेम्प्लेट, ऑटोसेव्हची जागा, ट्रस्टेड फोल्डर, बस्स. राइट क्लिक आणि शॉर्टकट हे हात बसल्यावर आपोआप सुचतात. ज्याच्या गळ्यात ऑफिसची सगळी मशीनं सारखी ठेवायचं काम पडलंय त्याने मात्र एक संध्याकाळ नीट बसून हे करावं.

राहिली गोष्ट नवीन आवृत्तीची. स्टार्ट मेनूमध्ये ऑटोकॅडच्या फोल्डरखाली सेटिंग्ज एक्स्पोर्ट करायचं टूल असतं, झिप बनवून देतं, आणि जुन्या आवृत्तीतून मायग्रेट करायचंही असतं. मायग्रेट केलं की जुना कचराही सोबत येतो, म्हणून मी ते करत नाही. एआरजी फाइल तर एका आवृत्तीतून दुसरीत अजिबात नेऊ नका, तिच्या आत जुन्या आवृत्तीच्या फोल्डरचे पाथ लिहिलेले असतात, ते नव्यात घुसले की नवीन ऑटोकॅड जुन्या फोल्डरमधून फाइली ओढायला लागतं आणि मग जुनी आवृत्ती काढली त्या दिवशी सगळं एकदम कोसळतं. पीजीपीच्या तळाच्या ओळी, टेम्प्लेट, सीटीबी, लिस्प आणि स्वतःची वेगळी सीयूआयएक्स केली असेल तर ती, एवढंच सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, नव्या आवृत्तीत त्या फोल्डरचा पाथ द्या आणि प्रोफाइल नव्याने हाताने लावा. आणि लावताना सगळंच विस्कटलं तर रीसेट सेटिंग्ज टू डीफॉल्ट आहेच त्याच स्टार्ट मेनूत, ते पुसण्याआधी बॅकअप घेऊ का विचारतं, तिथे हो म्हणा.